पाठ्यनिर्देशिका : पुणे सेवासदन आणि महाराष्ट्रातील परिचर्याशिक्षणाची वाटचाल

परिचर्या या शब्दातील 'परि' म्हणजे सभोवती आणि 'चर्' म्हणजे वावरणे. आजाऱ्याच्या भोवती वावरून केलेली देखभाल ती परिचर्या, आणि ही देखभाल शास्त्र म्हणून शिकून, परीक्षा देऊन आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव दाखल करून जी व्यवसाय म्हणून करते ती परिचारिका. महाराष्ट्राच्या शासकीय आरोग्यसेवेत या व्यवसायाच्या पायऱ्यांना नेमकी नावे आहेत : रुग्णकक्षात प्रत्यक्ष पाळी करणारी स्टाफ नर्स ती अधिपरिचारिका, कक्षाची जबाबदारी सांभाळणारी सिस्टर ती परिसेविका, साऱ्या रुग्णालयाच्या परिचर्येवर देखरेख ठेवणारी मेट्रन ती अधिसेविका आणि परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवणारी सिस्टर ट्यूटर ती पाठ्यनिर्देशिका. यांतील पहिल्या तिघींशी रुग्णाचा आणि त्याच्या नातेवाइकांचा रोज संबंध येतो. चौथी मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाही, आणि बहुधा त्यामुळेच संस्थांच्या इतिहासांत देणगीदारांची, शल्यविशारदांची आणि उद्घाटक पाहुण्यांची नावे ठळकपणे येत असताना पाठ्यनिर्देशिकेचे नाव क्वचितच सापडते. परिचर्येचे शिक्षण कुलीन घरांतील स्त्रियांना खुले करून देणारी पुण्याची सेवासदन संस्था, त्या संस्थेच्या अध्यक्षा रमाबाई रानडे आणि त्यांच्यानंतर हे शिक्षण ज्या ज्या टप्प्यांतून राष्ट्रीय सन्मानापर्यंत पोहोचले ते टप्पे, यांचा आढावा येथे घेतला आहे.

पनवेल तालुक्यातील पळस्पे येथे हा विषय मांडण्यास स्थानिक कारणही आहे. मुंबईहून येणारा जुना पुणे रस्ता आणि कोकणातून गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्पे फाट्यावर एकमेकांपासून फुटतात. उरणच्या बाजूने बंदराची मालवाहतूक आणि पाताळगंगा, तळोजे येथील कारखान्यांची वर्दळ याच परिसरातून जाते, आणि फाट्यापासून गोव्याच्या दिशेने थोड्याच अंतरावर आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे शिरढोण लागते. अशा ठिकाणी अपघात ही नेहमीची गोष्ट असते, आणि अपघातग्रस्ताच्या बाबतीत पहिल्या तासात रक्तस्राव थांबवला गेला की नाही, श्वासमार्ग मोकळा राहिला की नाही, मान न हलवता त्याला उचलले गेले की नाही, यांवर पुढचे सारे अवलंबून असते. ही कामे बहुतेक वेळा परिचारिकेच्या हातून होतात आणि तो हात कोणीतरी घडवलेला असतो. परिचर्याशिक्षणाचा इतिहास हा अशा घडवणाऱ्या हातांचा इतिहास आहे.

आधुनिक परिचर्याशिक्षणाची सुरुवात सर्वसाधारणपणे १८६० पासून धरली जाते, कारण त्या वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली आणि परिचर्या ही अंगभूत दयाबुद्धीवर सोडून देण्याची गोष्ट नसून तिचे पद्धतशीर शिक्षण द्यावे लागते हा विचार रूढ झाला. भारतात मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ मध्ये अशी शाळा सुरू झाली. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची आणि परिचारिकांची मदत मिळवून देणारा निधी उभा राहिला, आणि मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुले यांच्यासाठी बांधलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. मुंबईच्या रुग्णालयांतील परिचर्येची व्यवस्था त्या काळी बरीचशी इंग्लंडहून आलेल्या ऑल सेंट्स या ख्रिस्ती धर्मसंघाच्या भगिनींकडे होती. याच मुंबईत १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या परिचर्येचे शिक्षण घेण्यास आल्या आणि असे शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून परिचर्येच्या इतिहासात त्यांचे नाव नोंदले गेले. ते नाव मराठी आहे, याची आठवण महाराष्ट्रातील परिचर्या शाळांच्या भिंतींवर असायला हवी. पण तिथे नाइटिंगेल यांची तसबीर असते, काशीबाईंचा उल्लेख नसतो.

काशीबाईंसारख्या स्त्रिया त्या काळी अपवादानेच का आढळतात, हे समजण्यासाठी रुग्णसेवेकडे पाहण्याची तत्कालीन दृष्टी लक्षात घ्यावी लागते. घरातील आजाऱ्याची सेवा करणे हा गृहिणीचा धर्म मानला जाई, परंतु परक्याच्या, विशेषतः परक्या पुरुषाच्या, शरीराला हात लावणे, मलमूत्र काढणे, जखमा धुणे आणि प्रेत आवरणे ही कामे जातिव्यवस्थेने खालच्या मानलेल्या माणसांकडे ढकलली होती. बाळंतपण करणारी सुईणही कामापुरती घरात घेतली जाई आणि काम संपताच दूर ठेवली जाई. रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणाऱ्या स्त्रीकडे संशयाने पाहिले जाई ते वेगळेच. या दृष्टीला छेद देणारी उदाहरणे होती. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. तथापि एका थोर स्त्रीचे आत्मसमर्पण आणि शेकडो सामान्य स्त्रियांना उपजीविकेचे साधन देणारा व्यवसाय या दोन गोष्टींत अंतर असते, आणि ते अंतर शाळेनेच भरून काढावे लागते.

अशी एक शाळा मिरजेत निघाली होती. अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारले आणि पुढील काही वर्षांतच त्याला जोडून परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. दक्षिण महाराष्ट्रातील आणि कर्नाटकाच्या सीमाभागातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांतील मुली तेथे शिकल्या, आणि मिशनच्या या शाळांनी पश्चिम भारतातील लहान गावांना प्रशिक्षित परिचारिका पुरवल्या. हिंदू उच्चवर्णीय समाजाने मात्र या शिक्षणाकडे धर्मांतराच्या भीतीने पाठ फिरवली होती. ती भीती दूर करून हेच शिक्षण हिंदू घरांच्या उंबरठ्यापर्यंत आणण्याचे काम सेवासदनाने केले.

सेवासदनाची कल्पना प्रथम मुंबईत आकाराला आली. स्त्रियांच्या प्रश्नांवर आयुष्यभर लिहिणारे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी आणि त्यांचे सहकारी दयाराम गिडूमल यांनी जुलै १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले आणि त्याच्या अध्यक्षपदी रमाबाई रानडे यांना आणले. गिडूमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राची आवृत्ती १८९२ मध्ये लंडनला निघाली तेव्हा तिला प्रस्तावना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची होती. पुण्याची सार्वजनिक सभा, जिच्या कामात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा मोठा वाटा होता, तिच्याशीही खेड्यांतील आरोग्य आणि स्वच्छता या विषयांवर नाइटिंगेल यांचा पत्रव्यवहार झाला होता. नाइटिंगेल भारतात कधी आल्या नाहीत. परंतु सेवासदनाच्या संस्थापकांना त्यांचे नाव परके नव्हते, आणि परिचर्येचा विचार रमाबाईंच्या संस्थेत अकस्मात आलेला नव्हता, हे या दुव्यांवरून दिसते.

रमाबाई मूळच्या सातारा भागातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यातील. लग्न होऊन १८७३ मध्ये त्या रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसत त्या आधी मराठी आणि मग इंग्रजी शिकल्या, आणि पुण्यात मुलींसाठी माध्यमिक शाळा असावी या मागणीचे निवेदन गव्हर्नरसमोर इंग्रजीतून वाचण्यापर्यंत त्यांची मजल गेली. ती शाळा, म्हणजे हुजूरपागा, १८८४ मध्ये सुरू झाली. न्यायमूर्तींचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले आणि त्यानंतरची तेवीस वर्षे रमाबाईंनी सार्वजनिक कामाला दिली. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी वाचक त्यांना आजही प्रामुख्याने या पुस्तकामुळे ओळखतात, आणि पुस्तकाची कीर्ती मोठी असल्याने संस्थाचालक म्हणून त्यांनी केलेले काम काहीसे झाकले गेले आहे. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या आणि रुग्णकक्षात त्यांनी पाळी केली नाही. तरीही महाराष्ट्रातील परिचर्याशिक्षणाच्या इतिहासात त्यांना पहिल्या रांगेत बसवावे लागते, कारण शिकवायला शिक्षिका मिळण्याआधी शिकायला विद्यार्थिनी मिळाव्या लागतात आणि त्या विद्यार्थिनी रमाबाईंनी मिळवल्या.

पुण्याचे सेवासदन २ ऑक्टोबर १९०९ रोजी रानड्यांच्या राहत्या वाड्यात सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्याचे चिटणीस आणि प्रत्यक्ष कारभाराचा कणा होते. भारत सेवक समाज ही गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेली, आजीवन सेवेची शपथ घेतलेल्या कार्यकर्त्यांची संस्था होती, आणि तिच्या शिस्तीत वाढलेल्या देवधरांनी सेवासदनाला हिशेबाची, अहवालांची आणि वर्गणीदारांची भक्कम चौकट दिली. सुरुवातीचे वर्ग साधे होते : लिहिणे-वाचणे, शिवण, धर्मग्रंथांचे वाचन, आणि त्यांच्या जोडीला प्रथमोपचार व घरच्या घरी करायची रुग्णशुश्रूषा. दुपारी घरकाम आटोपून आलेल्या विवाहित आणि विधवा स्त्रिया या वर्गांत बसत. या वर्गांतूनच पुढचा प्रश्न निर्माण झाला. जिला चरितार्थ चालवायचा आहे अशा विधवेला केवळ प्रथमोपचार शिकवून काय उपयोग, हे संस्थेच्या ध्यानात आले आणि १९११ च्या सुमारास सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे रीतसर शिक्षण घेऊ लागल्या.

ही व्यवस्था नेमकी कशी होती हे पाहणे उद्बोधक आहे, कारण पुढे कित्येक दशके महाराष्ट्रातील परिचर्याशिक्षण याच साच्यावर चालले. रुग्णालय कक्ष, रुग्ण, डॉक्टरांची व्याख्याने आणि परीक्षा पुरवी. सेवासदन विद्यार्थिनीची निवड करी, तिच्यासाठी वसतिगृह चालवी, शिष्यवृत्ती मिळवी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्या घरच्यांना तिच्या सुरक्षिततेबद्दल हमी देई. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या देखरेखीखालील वसतिगृहात आपली सून किंवा बहीण राहते, तिथला स्वयंपाक आणि सोवळेओवळे घरच्यासारखे आहे, ही खात्री पटल्याखेरीज पुणे, सातारा, वाई येथील ब्राह्मण घरांतून एकही मुलगी रुग्णालयात आली नसती. रमाबाईंनी रूढीशी सामना करण्यासाठी रूढीचाच आधार घेतला, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो काही अंशी खराही आहे; परंतु वसतिगृहाच्या या आडोशानेच केशवपन केलेल्या विधवेला महिन्याचा पगार, स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र आणि वागण्याची नवी ढब मिळवून दिली, हे अधिक खरे आहे. बक्षीस समारंभात अशी एक विधवा विद्यार्थिनी व्यासपीठावर येताच प्रेक्षकांतील काहींनी हुर्यो केली आणि रमाबाईंनी त्या तरुणांना भरसभेत खडे बोल सुनावले, अशी आठवण सेवासदनाच्या संदर्भात सांगितली जाते. अपमान झालेल्या विद्यार्थिनीच्या बाजूने संस्थाप्रमुखाने तत्काळ उभे राहावे, ही परिचर्याशिक्षणाला लागणारी पहिली शिस्त त्यातून दिसते. पुण्याच्या संस्थेच्या धर्तीवर सोलापूरसह अन्य गावांत सेवासदने निघाली आणि त्यांतून परिचारिका, सुईणी, शिक्षिका अशा कमावत्या स्त्रियांची एक पिढी तयार झाली. रमाबाईंचे निधन १९२४ मध्ये झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारच्या टपाल खात्याने १९६२ मध्ये त्यांचे तिकीट काढले.

सेवासदनाच्या साच्यात एक मूलभूत उणीव होती. ती त्या काळच्या साऱ्याच परिचर्या शाळांची उणीव होती, पण तिचे परिणाम विद्यार्थिनींना दीर्घकाळ भोगावे लागले. परिचर्या शाळेला स्वतंत्र अस्तित्व नव्हते. ती रुग्णालयाचा भाग होती, तिला वेगळे अंदाजपत्रक नव्हते, आणि अधिसेविका हीच शाळेची प्रमुख असल्याने कक्षात माणसे कमी पडली की वर्ग रद्द करून विद्यार्थिनींना पाळीवर पाठवणे ही रीतच झाली होती. रात्रभर कक्षात उभी राहिलेली मुलगी सकाळी व्याख्यानाला बसे आणि तिला मिळणारे विद्यावेतन हे कमी पगाराचेच दुसरे नाव असे. शिकाऊ परिचारिका ही विद्यार्थिनी मानायची की कामगार, हा प्रश्न महाराष्ट्रातील परिचर्याशिक्षणाच्या पहिल्या पन्नास वर्षांचा मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि पाठ्यनिर्देशिका या पदाचा जन्म त्याच्याच उत्तरातून झाला : जिच्यावर कक्ष चालवण्याची जबाबदारी नाही, जिचे काम केवळ शिकवणे आहे, अशी व्यक्ती नेमल्याखेरीज विद्यार्थिनीचा वेळ विद्यार्थिनीचा राहत नाही.

या प्रश्नाकडे व्यवसायाच्या संघटनांनी लक्ष वेधले होते. १९०५ मध्ये लखनौला परिचर्या अधीक्षिकांचा संघ आणि १९०८ मध्ये मुंबईत प्रशिक्षित परिचारिकांचा संघ स्थापन झाला. पुढे १९२२ मध्ये दोन्ही एकत्र येऊन आजची ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना झाली. नोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये आला. नोंदणी म्हणजे विशिष्ट अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या व्यक्तीचेच नाव अधिकृत यादीत घालणे, आणि त्या यादीबाहेरच्या व्यक्तीस परिचारिका म्हणवून घेण्यास मनाई करणे. या कायद्यामुळे अभ्यासक्रमाला, परीक्षेला आणि पर्यायाने शिकवणाऱ्या व्यक्तीच्या पात्रतेला प्रथमच कायदेशीर वजन आले. राज्यस्थापनेनंतर १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने विदर्भ आणि मराठवाड्यासह साऱ्या राज्यासाठी एकच परिषद आणि एकच नोंदवही झाली.

देशपातळीवर निर्णायक ठरला तो १९४६ चा भोर समितीचा अहवाल. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले भारतीय मुलकी सेवेतील अधिकारी होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सुमारे ३० कोटी लोकसंख्येसाठी केवळ सुमारे ७,००० नोंदणीकृत परिचारिका, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक, हे प्रमाण या अहवालाने सरकारपुढे ठेवले. डॉक्टरांचे प्रमाण त्या वेळी सुमारे ६,३०० माणसांमागे एक असे होते. डॉक्टरांपेक्षा परिचारिका संख्येने पुष्कळ कमी असलेली आरोग्यव्यवस्था चालू शकत नाही, हे केवळ या दोन आकड्यांवरून कळते. परिचारिकांच्या राहण्याच्या, जेवणाच्या आणि कामाच्या तासांच्या हलाखीची नोंद घेऊन समितीने शाळांची फेररचना, विद्यापीठ स्तरावरील शिक्षण आणि पुरुष परिचारकांचे प्रशिक्षण सुचवले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. परिचर्येच्या शिक्षणात एकसूत्रता आणणारा भारतीय परिचर्या परिषद अधिनियम ३१ डिसेंबर १९४७ रोजी संमत झाला, आणि १९४८ पासून केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयात परिचर्या सल्लागार म्हणून टी. के. अद्रनवाला यांनी नव्या राष्ट्राच्या परिचर्या धोरणाला आकार दिला. मंत्रालयाच्या निर्णयप्रक्रियेत परिचर्येचे प्रश्न परिचारिकेनेच मांडावेत, ही गोष्ट त्यांच्या पदामुळे रूढ झाली. १९५९ मध्ये दिल्लीत पदव्युत्तर शिक्षणही सुरू झाले.

या घडामोडींचा महाराष्ट्रातील सर्वांत ठळक परिणाम म्हणजे १९६४ मध्ये मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय स्थापन झाले. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापलेल्या विद्यापीठात परिचर्येला पदवीचा दर्जा मिळावा, यात एक औचित्य होते. हिंगण्याच्या आश्रमातील विधवांसाठी कर्व्यांनी आणि वसतिगृहातील विधवांसाठी रमाबाईंनी वेगवेगळ्या वाटांनी जे आरंभले होते, ते पाच दशकांनी एका अभ्यासक्रमात येऊन मिळाले. महाविद्यालयाने केलेला खरा बदल विद्यार्थिनीच्या स्थानात होता. ती आता विद्यापीठाची विद्यार्थिनी होती आणि रुग्णालयात शिकण्यासाठी जात होती. कक्षातील रिकामी जागा भरण्यासाठी नव्हे. पाठ्यनिर्देशिकेच्या जागी अधिव्याख्याती आणि प्राध्यापिका ही पदे आली, आणि परिचारिकेने परिचारिकेला शिकवावे, संशोधन करावे आणि प्राचार्यपदी बसावे हे स्वाभाविक मानले जाऊ लागले.

परिचर्या शिकवणे म्हणजे नेमके काय, हे व्यवसायाबाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. औषध टोचण्याचे उदाहरण घेतले तर सुई टोचण्याचे कसब हा त्यातील सर्वांत लहान भाग असतो; योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाचांची खातरजमा हातात सुई घेण्याआधी मनात पुरी झाली पाहिजे, आणि विसाव्या रुग्णाच्या वेळी, पहाटे चार वाजता, थकलेल्या अवस्थेतही ती तशीच पुरी झाली पाहिजे, हे शिकवणे हे शिक्षिकेचे खरे काम आहे. त्यासाठी ती आधी प्रात्यक्षिकगृहात पुतळ्यावर कृती करून दाखवते, मग विद्यार्थिनीकडून करवून घेते, नंतर कक्षात तिच्या शेजारी उभी राहते आणि हळूहळू एक एक पाऊल मागे सरकते. बिछाना घालणे, निर्जंतुक हाताळणी, शरीरात गेलेल्या व बाहेर पडलेल्या द्रवाची नोंद, पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला द्यायची माहिती, मरणासन्न रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलायचे शब्द, हे सारे याच क्रमाने शिकवले जाते. भारतीय परिचर्या परिषदेने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे ते याच कारणाने, कारण व्याख्यान शंभर जणींना एकदम देता येते, हात मात्र एकेकीचाच धरावा लागतो.

या कामाची राष्ट्रीय पातळीवर दखल घेण्याची व्यवस्था १९७३ मध्ये झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या वर्षी राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला, आणि रुग्णालयातील परिचारिकांबरोबरच खेड्यापाड्यांत हिंडणाऱ्या सहायक परिचारिका-प्रसाविका, आरोग्य पर्यवेक्षिका, प्रशासक आणि शिक्षिका यांनाही तो खुला ठेवला. नाइटिंगेल यांचा जन्मदिन १२ मे हा जागतिक परिचारिका दिन म्हणून पाळला जातो आणि पुरस्कार त्या निमित्ताने राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जातो. शिक्षिकेला हा पुरस्कार मिळतो तेव्हा तिची कारकीर्द बहुधा ठरावीक वाटेने गेलेली असते : साडेतीन वा तीन वर्षांची सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येची पदविका, काही वर्षांच्या पाळ्या, मग पदवीसाठी पुन्हा शाळेत बसणे, पाठ्यनिर्देशिकेचे पद, पदव्युत्तर शिक्षण, प्राचार्यपद, परिषदेची निरीक्षक म्हणून दूरच्या शाळांची तपासणी आणि परीक्षक म्हणून काम. या वाटेवर प्रसिद्धी नसते. पुरस्काराच्या दिवशी वृत्तपत्रांत एक छायाचित्र येते. पण तिच्या विद्यार्थिनींच्या हातून बऱ्या होऊन घरी गेलेल्या माणसांना तिचे नावही ठाऊक नसते. राष्ट्राने या कामाला सन्मानाचे स्थान दिले ते उचितच केले, आणि ते आणखी पन्नास वर्षे आधी द्यायला हवे होते.

अलीकडील बदलांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर परिचर्येच्या पदवी शिक्षणाला वैद्यकाच्या बरोबरीचे एक छत्र मिळाले. पदविका अभ्यासक्रमांसाठी २०१३ च्या अधिनियमाने राज्यात शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ आले. आणि १९४७ च्या केंद्रीय कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा अधिनियम संमत झाला. दरम्यान खासगी परिचर्या महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. संख्येच्या या वाढीत जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे आला आहे, कारण जिथे पुरेसे रुग्ण नाहीत किंवा पुरेशा अनुभवी शिक्षिका नाहीत तिथे विद्यार्थिनीला प्रमाणपत्र मिळते, हात मिळत नाही. एकेकाळी रुग्णालये विद्यार्थिनींकडून गरजेपेक्षा जास्त काम करून घेत. आता काही ठिकाणी तिला कामच शिकायला मिळत नाही. दोन्हींत नुकसान होते ते तिचे आणि तिच्या भावी रुग्णांचे.

पनवेल परिसरात आरोग्यसेवेची परंपरा जुनी आहे. नेरे येथे शांतिवनात कुष्ठरुग्णांच्या उपचाराचे आणि पुनर्वसनाचे काम झाले, आणि पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटरने ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. कुष्ठरोग्याच्या जखमेला हात लावण्याचे काम समाजाने जसे दीर्घकाळ टाळले, तसेच रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचेही मोल त्याने उशिरा जाणले. नवी मुंबईच्या विस्ताराबरोबर या तालुक्यात मोठी रुग्णालये आणि त्यांना जोडलेली परिचर्या महाविद्यालये आली, आणि रायगडच्या खेड्यांतील, आगरी-कोळी पाड्यांतील आणि आदिवासी वाड्यांतील मुलींना परिचारिका होण्यासाठी पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जाण्याची गरज उरली नाही. रमाबाईंना जी हमी वसतिगृह चालवून द्यावी लागली, ती आता घराजवळच्या शाळेने दिली आहे.

या परिसरातील परिचर्या संस्थांना एक आवाहन करावेसे वाटते. संस्थेच्या नोंदवहीत इमारतीचे क्षेत्रफळ, खाटांची संख्या आणि विश्वस्तांची नावे असतातच; त्यांच्या शेजारी पहिल्या तुकडीला ज्यांनी शिकवले त्या पाठ्यनिर्देशिकांची नावे, त्यांच्या कारकिर्दीची वर्षे आणि त्यांनी घडवलेल्या विद्यार्थिनींची संख्या, त्या हयात असतानाच लिहून ठेवावी.